साठीनंतर हाती घेतलेले चित्र: त्याला साधना म्हणता येईल का?

प्रश्न: चैत्रपालवी

सर्वांना नमस्कार. मी साताऱ्यात राहते, वय 67. बँकेतील 31 वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले, आणि यजमान जाऊन येत्या भाद्रपदात दोन वर्षे होतील. गेल्या वर्षभरात माझ्या बाबतीत जे घडते आहे त्याला काय म्हणावे हे मला ठरवता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे चैत्रगौर बसते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत सासूबाई रोज सकाळी सडा घालून अंगणात चैत्रांगण काढीत. वर मखरातली गौर, दोन्ही बाजूंना सूर्य-चंद्र, खाली शंख, चक्र, गदा, पद्म, कासव, नाग, गाय-वासरू, गोपद्मे, तुळशीवृंदावन, आणि उजव्या कोपऱ्यात फणी, करंडा, आरसा ही सौभाग्याची चिन्हे. ही चिन्हे कोणी 51 मानतात, कोणी 64. सासूबाई मोजत नसत, जागा संपली की थांबत. त्यांच्यामागे हे काम माझ्याकडे आले, पण नोकरीच्या धावपळीत मी ते महिन्यातून एखाद्या दिवशी पाटावर उरकत असे.

गेल्या चैत्रात यजमानांचे वर्ष असल्यामुळे गौर बसवली नाही, हळदीकुंकूही झाले नाही. तरी तृतीयेच्या सकाळी हाताला चैन पडेना, म्हणून गेरूने रंगवलेला पाट घेऊन मी एकटीच देवघरासमोर बसले. गाय काढली, कासव काढले, तुळस काढली आणि फणी-करंड्याच्या कोपऱ्याशी आल्यावर चिमटीतली रांगोळी चिमटीतच राहिली. मला कोणी मनाई केली नव्हती. मुलगा आणि सून पुण्याला असतात आणि दोघांनाही यात काही वावगे वाटले नसते. तरीही हात पुढे गेला नाही. तो कोपरा तसाच ठेवून मी उठले.

त्या दिवसापासून मी रोज बसते. अक्षय्य तृतीया झाली, चातुर्मास गेला, तरी थांबले नाही. आधी पाटावर रांगोळी, मग वहीत पेन्सिल आणि जलरंग, असे साधारण तासभर चालते. कधी इतके शांत वाटते की घड्याळ पाहिल्यावर आश्चर्य वाटते, आणि कधी एखादे साधे पान काढताना तीस वर्षांपूर्वीचा राग असा उसळून येतो की रेघ कागद फाडते. एवढे मात्र खरे की या वर्षभरात मला माझ्याविषयी जे कळले, ते आधीच्या साठ वर्षांत कळले नव्हते. कोपरा मात्र अजून रिकामाच आहे.

माझ्या नणंदा म्हणतात की या वयात तो तास पारायणाला द्यावा, चित्रे ही मुलांची करमणूक. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असेल तर ते मला समजून घ्यायचे आहे. हे जे चालले आहे त्याला साधना म्हणता येईल का? त्यासाठी कोणाकडे जाऊन रीतसर शिकावे का? आणि काढलेले जपून ठेवावे की पुसावे? पाटावरचे मी रोज पुसते, वहीतले मात्र राहते आणि ते पुन्हा पाहण्याचे धाडस होत नाही.

प्रतिसाद: रेघ

चैत्रपालवीताई, मी निवृत्त कलाशिक्षक आहे. 34 वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आणि एलिमेंटरी व इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवली, त्यामुळे रेघ सरळ येते की नाही हेच पाहण्याची माझ्या डोळ्यांना सवय होती. निवृत्तीनंतर स्वतःसाठी काढायला बसलो तेव्हा पहिले सहा महिने मला एकही चित्र सुचले नाही, कारण समोर तपासणारा कोणी नव्हता. आपल्या हाताला काय हवे आहे हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलेच नव्हते.

रीतसर शिकण्याच्या प्रश्नावर मला रवींद्रनाथ ठाकूर आठवतात. त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. कवितांच्या हस्तलिखितांत जे शब्द खोडायचे, त्या खोडलेल्या जागा ते रेषांनी एकमेकींना जोडीत, आणि त्यांतून पक्षी, प्राणी, मुखवटे वर येत. 1924 साली अर्जेंटिनातील मुक्कामात लिहिलेल्या कवितांच्या वहीत ही खोडाखोड विशेष दिसते. तेव्हा ते 63 वर्षांचे होते. पुढे 1930 मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले तेव्हा त्यांनी नुकतीच सत्तरी गाठत आणली होती. मागे त्यांनी दोन हजारांहून अधिक चित्रे ठेवली, आणि त्यांना नावे देण्याचे ते बहुधा टाळीत. जन्मभर शब्दांवर हुकूमत गाजवलेल्या माणसाला जे शब्दांत धरता आले नाही, ते त्याच्या चुकलेल्या ओळींतून चेहरे होऊन बाहेर आले, आणि त्यांतले कितीतरी चेहरे उदास, काहीसे भीतिदायक आहेत. तुमच्या फाटलेल्या कागदाविषयी वाचताना मला तेच दिसले. तो कागद फेकला असेल तर यापुढे फेकू नका.

म्हणूनच वही जपण्याच्या बाजूने माझे मत आहे. प्रत्येक पानाच्या मागे तारीख आणि त्या दिवसाची एक ओळ लिहा, चित्राविषयी नव्हे तर दिवसाविषयी: झोप लागली की नाही, फोन कोणाचा आला, गुडघा दुखत होता का. लगेच पाहू नका. सहा महिन्यांनी एका बैठकीत सगळी पाने जमिनीवर मांडा. माझ्या पानांत मला आढळले की घर काढले की मी दार काढतच नव्हतो. चाळीसेक घरे होती आणि एकालाही दार नव्हते. एकेक पान पाहताना हे कधीच लक्षात आले नसते. त्यावर मी काय विचार केला ते सांगण्याची ही जागा नव्हे, पण थोरल्या भावाशी 11 वर्षे बंद असलेले बोलणे त्यानंतर सुरू झाले, एवढे सांगतो.

आता एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या वयात डोळ्याचे भिंग पिवळसर होत जाते आणि निळा-जांभळा रंग डोळ्यापर्यंत कमी पोहोचतो, त्यामुळे नकळत आपण निळा गडद वापरू लागतो किंवा सगळे चित्र तांबूस-तपकिरी होते. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या मोतीबिंदूच्या काळातील चित्रांत हे स्पष्ट दिसते; 1923 मध्ये, वयाच्या 82व्या वर्षी शस्त्रक्रिया झाल्यावर सगळेच निळे दिसते अशी त्यांची तक्रार सुरू झाली. तेव्हा चित्र मळकट दिसले तर मन मळकट झाले असा अर्थ घाईने लावू नये. आधी डोळे तपासून घ्यावेत, सकाळच्या उजेडात बसावे, आणि रंगांच्या नळ्यांवरची नावे वाचून रंग घ्यावेत.

प्रतिसाद: वाळवंट

ताई, सरांच्या अनुभवाविषयी आदर ठेवून मी काही वेगळे मांडतो. मी गेली वीस वर्षे आषाढीची वारी करतो आणि माझ्या वडिलांनी अखेरची बारा वर्षे वह्यांमागून वह्या रामनाम लिहून काढले. लिखित जपाची ही रीत आपल्याकडे घराघरांत होती. दुपारी चष्मा लावून, मांडीवर पाट घेऊन लिहीत बसलेले आजोबा ज्यांनी पाहिले असतील त्यांना सांगायला नको. त्यामुळे हात चालवणे आणि मन स्थिर होणे यांचा संबंध मला मान्यच आहे. परंतु वडिलांच्या वह्यांत शोध घेण्यासारखे काही नाही. पहिल्या पानावरचे अक्षर आणि शेवटच्या पानावरचे अक्षर यांत कंप वाढला, एवढाच फरक. नामात लिहिणारा हळूहळू मावळतो. चित्रात काढणारा अधिकाधिक उजळ होत जाण्याचा धोका आहे. नणंदांच्या बोलण्यातील तथ्य विचारलेत म्हणून सांगतो, मला ते येथे दिसते. मी असा आहे, माझ्या घराला दार नाही, माझा राग असा, हे पाहण्याची गोडी लागली की ती सुटत नाही, आणि स्वतःची ओळख वाढली म्हणजे स्वतःचे ओझे उतरले असे होत नाही.

याचा अर्थ चित्र टाकावे असा मी मुळीच काढत नाही. आपल्या संतांपैकी कोणी आपले काम टाकले? गोरोबाकाका तेरला माती तुडवीत राहिले, सावतोबा अरणला मळ्यात राहिले, नरहरी महाराज सोनारकीत राहिले, आणि जनाबाईंचे दळण काही सुटले नाही. हाताचे काम हेच त्यांच्यासाठी नामाचे ठिकाण झाले. पण मडके विकले जाई, दळण खाल्ले जाई, मळ्यातला भाजीपाला बाजारात जाई. काम त्यांच्यापाशी साठत नव्हते, आणि मला वाटते की साधनेचे मर्म तेथे आहे. तुमच्यापाशी तर रांगोळी आहे, जी काढायची ती पुसण्यासाठीच. सासूबाई महिनाभर रोज काढीत आणि दुसऱ्या दिवशीच्या सड्याबरोबर ती जाई. एवढी मोठी शिकवण घरात असताना वही कशासाठी जपायची?

चित्रकारांतही अशी वृत्ती नाही असे नाही. वासुदेव गायतोंडे नागपूरला जन्मले, मुंबईच्या जे. जे.त शिकले आणि पुढे दिल्लीला एका खोलीत एकटे राहिले. गिरगावात खेतवाडीतील छोट्याशा माळ्यावर मराठीत बोलणाऱ्या निसर्गदत्त महाराजांच्या आणि रमण महर्षींच्या विचारांची त्यांना ओढ होती. वर्षाकाठी ते मोजकीच चित्रे करीत, एरवी बराच काळ कोऱ्या कॅनव्हासपुढे नुसते बसून राहत. 1984च्या अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवर काम करणे जमेना तेव्हा त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटने केली, आणि अखेरच्या काही वर्षांत काढणे जवळपास थांबले. ते थांबणे मला त्यांच्या चित्रांइतकेच महत्त्वाचे वाटते. रोज काहीतरी उमटलेच पाहिजे हा हट्ट त्यांच्यापाशी नव्हता.

तेव्हा माझे सुचवणे असे आहे की बसण्याची वेळ आणि जागा मोडू नका, पण आठवड्यातून एक दिवस काहीही न काढता, समोर कोरा पाट ठेवून तेवढाच तास बसा. त्या दिवशी बेचैनी किती होते त्यावरून आपण चित्रासाठी बसतो की कशासाठी, हे कळेल.

प्रतिसाद: रेघ

वाळवंट, कोरा पाट ठेवण्याची सूचना मला मनापासून आवडली आणि मी ती स्वतः करणार आहे. मात्र एका मुद्द्यावर मी सहमत नाही. ज्याला स्वतःचे ओझे काय आहे हेच ठाऊक नाही तो ते उतरवणार कसे? तुमच्या वडिलांना बहुधा ते ठाऊक होते. मला नव्हते, आणि आमच्या पिढीतील कितीतरी नोकरदार माणसांना नसते. 34 वर्षे मी घंटेवर चाललो. जपाला बसलो असतो तर जपही घंटेवर केला असता आणि वहीची पाने मोजली असती.

प्रतिसाद: मातीकाम

ताई, आपली पोस्ट मी तीनदा वाचली. आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघात मी आठवड्यातून दोन दिवस माती आणि रंगांचे काम घेते. येणाऱ्यांत बहुतेक बायका साठ ते पंच्याऐंशी या वयाच्या आहेत. वर दोघांनी जे लिहिले ते मोलाचे आहे, पण तुमचा खरा प्रश्न त्या रिकाम्या कोपऱ्याचा आहे असे मला वाटते, आणि त्याविषयी कोणीच बोलले नाही.

आमच्याकडे येणाऱ्या एका आजींनी पहिले चार महिने मातीच्या फक्त गोळ्या केल्या. वळायच्या, ओळीने मांडायच्या, जाताना मोडायच्या. मी काही सुचवले नाही. पाचव्या महिन्यात त्यांनी एक लहान उखळ केले आणि म्हणाल्या, "आईचं होतं, वाटणीत गेलं." त्या दिवशी त्या खूप रडल्या, पुढच्या वेळी आल्या तेव्हा त्यांनी मुसळही केले. साठ वर्षांपूर्वीची वाटणी हाताने जपून ठेवली होती. आपण समजतो की आठवणी डोक्यात असतात, पण या वयाच्या बायकांबरोबर बसले की दिसते, त्या बोटांतही असतात, कारण त्यांचे आयुष्य बोटांनीच गेलेले असते. म्हणून तुमचा हात थांबला हे मला अपयश वाटत नाही. नवरा गेल्यावर सौभाग्याची चिन्हे काढू नयेत हा नियम तुम्ही डोक्याने केव्हाच सोडला होता, तो हातात राहून गेला होता, आणि काढायला बसला नसता तर तो तेथे आहे हे तुम्हाला कळलेही नसते.

कोणी काय काढावे याचे नियम हातांनीच बदलतात, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डहाणू-तलासरीकडे वारली लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढण्याचा मान सवाशिणींचा. पुरुषांनी तो काढायचा नाही आणि लग्नाशिवाय काढायचा नाही. गंजाडचे जिव्या सोमा मशे 1970च्या दशकात कोणाचे लग्नकार्य नसतानाही रोज काढू लागले, आणि त्यातून ती कला कागद-कापडावर आली, जगभर गेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. लग्नाचा चौक त्यामुळे भ्रष्ट झाला नाही, तो आजही लिहिला जातो. त्यांनी हा नियम भांडून मोडला नाही. त्यांना काढायचे होते आणि त्यांनी काढले.

वयाविषयी शंका असेल तर जोधइया बाई बैगा यांच्याकडे पाहा. मध्य प्रदेशातील उमरिया जिल्ह्याच्या लोरहा गावातल्या त्या. नवरा गेल्यावर लाकूडफाटा विकून, मोलमजुरी करून त्यांनी मुले वाढवली. शाळेत कधी गेल्या नाहीत. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी गावातल्या एका कलाकेंद्रात पहिल्यांदा रंग हातात घेतला आणि वाघ, मोहाची झाडे, जंगलातले देव काढले, म्हणजे जे जन्मभर पाहिले तेच. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या. पुरस्काराचे मला विशेष नाही, तो तुम्हाला किंवा मला मिळायचा नाही. मला विशेष वाटते ते हे की जंगल त्यांनी साठ वर्षे डोक्यावर मोळीच्या रूपाने वाहिले होते, आणि मग तेच जंगल त्यांनी पाहून काढले.

आता काळजीचे दोन शब्द. राग उसळणे, रडू येणे हे या कामात होतेच आणि बहुधा ते वाहून जाते. परंतु सलग दोन-तीन आठवडे झोप उडाली, जेवण सुटले, किंवा बसण्याच्या वेळेची भीती वाटू लागली तर चित्राकडून सगळे अपेक्षू नका, डॉक्टरांशी बोला. दुःख मोकळे करण्यासाठी चित्र चांगले आहे, पण ते औषधाची जागा घेत नाही. आणि हात थरथरत असेल तर ब्रशच्या दांड्याला जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा, कोपर टेबलावर टेकवा, कागद मोठा घ्या. मोठ्या कागदावर खांद्यापासून हात फिरतो, आणि खांदा बोटांइतका थरथरत नाही.

वही जपावी की पुसावी, याबद्दल माझे उत्तर असे आहे की दोन्ही करता. पाट पुसला जातो, वही राहते. तसेच चालू द्या.

चैत्रपालवी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. लगेच उत्तर दिले नाही, कारण आधी काही करून पाहायचे होते.

वाळवंट यांनी सांगितल्याप्रमाणे पाच गुरुवार कोऱ्या पाटासमोर बसले. पहिल्या गुरुवारी पंधराव्या मिनिटाला उठून गॅसवरचे दूध पाहून आले. दूध गॅसवर नव्हतेच. तिसऱ्या गुरुवारी मात्र बसता आले, आणि त्या तासात माझ्या लक्षात आले की मला ऐकू येत होते ते सासूबाईंचे श्वास. त्या रांगोळी काढताना वाकलेल्या असत आणि त्यांना थोडी धाप लागे. मी स्वयंपाकघरातून रोज ते ऐकत असे आणि मला कामाला उशीर होतो आहे म्हणून त्रागा करीत असे. त्यांच्या शेजारी जाऊन मी एकदाही बसले नव्हते. हे आठवणे सुखाचे नव्हते, तरी ते आले हे बरे झाले.

सरांच्या सांगण्याप्रमाणे वहीची पाने जमिनीवर मांडली. माझ्याकडे घरे नाहीत, पाने आणि झाडेच आहेत, पण जवळजवळ प्रत्येक चित्रात उजवा कोपरा मोकळा आहे. मी फक्त पाटावरचाच कोपरा रिकामा समजत होते.

काल चैत्र शुद्ध तृतीया होती. यंदा गौर बसवली. आंब्याची डाळ आणि पन्हे केले, शेजारच्या चौघी आल्या. सकाळी पाट घेऊन बसले तेव्हा गौरीच्या आधी आरसा काढला, म्हणजे नेहमीचा क्रम सोडून. गोल काढला, दांडी काढली, आणि आत काही भरले नाही. मग फणी काढली. करंडा काढताना हात थांबला, मी थांबले, पुन्हा काढला. नंतर उरलेली सगळी चिन्हे डावीकडे आली आणि जागा पुरली नाही, त्यामुळे हत्ती आणि मोर राहून गेले. शेजारच्या एकीने विचारले की आरसा एवढा मोठा का. मी म्हटले, तसाच आला.

रात्री पाट पुसला नाही. आज सकाळी पुसला. सरांना एक विचारायचे आहे: मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे, तर त्याआधी आत्ता दिसतात तसे रंग एका पानावर लावून ठेवले तर नंतर तुलनेला उपयोग होईल का? आणि निळ्याच्या कोणत्या छटा घ्याव्यात?